बुबुळाच्या वरचं पांढरं

"ही काच बरी, की ही?"

दिवसभर मी हाच प्रश्न विचारते. समोरच्या माणसाच्या नाकावर लोखंडी गोल चौकट असते. तिच्यात मी एक काच घालते, काढते, दुसरी घालते. "ही, की ही?" "दिसतं का?" असं कधीच विचारायचं नाही. तसं विचारलं की आमच्याकडचा माणूस "दिसता मगो" म्हणून उठतो आणि घरी जाऊन पुन्हा आंधळ्यासारखा चाचपडतो. दोनांतलं एक निवडायला लावलं की तो थांबतो, डोळे बारीक करतो आणि खरं सांगतो. माझ्या कामातलं हे पहिलं सूत्र. जिथे आयुष्यात कधी पाय ठेवणार नाही असं मी छापून जाहीर केलं होतं, तिथेच एके दिवशी ते माझ्या उपयोगी पडलं. ती हकिगत सांगायला हा लेख लिहिते आहे.

असे लेख निवृत्त लोक लिहितात, हे मला ठाऊक आहे. मी तेहतीस वर्षांची आहे, निवृत्तीला बराच अवकाश आहे. पण मला जे सांगायचं आहे ते थांबू शकत नाही. मी थांबले तेवढ्या काळात कुठल्या तरी स्वयंपाकघरात एखादी बाई विनाकारण बोलणी खात असेल, आणि तिचा डोळा जात असेल.

मी मालवण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डोळे तपासते. कागदावर माझं पद 'नेत्रचिकित्सा अधिकारी' आहे, लोक 'डोळ्यांची बाय' म्हणतात. मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, मोतीबिंदू हेरायचा, शाळांतून आणि वाड्यावाड्यांतून शिबिरं घ्यायची, हे माझं काम. माझ्या आवाक्याबाहेरचं असेल ते दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टर लोबोबाईंकडे पाठवायचं. आपलं काय नाही ते वेळेवर ओळखणं, यातच माझी सगळी हुशारी.

आणि मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, हे अक्षरशः खरं आहे. बाबांचा बाजारात छोटा छापखाना होता, पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं काढायची: दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, देवाला कौल लावून आजार बरे करण्याविरुद्ध. मी अक्षरं गिरवली ती बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. दुसरी बाजूही वाचत गेले, आणि ती अंगात भिनली.

आता डोळा बाहेर येतो म्हणजे काय होतं ते सांगते. नारळाची करवंटी घ्या आणि तिच्यात एक उकडलेलं अंडं ठेवा. करवंटी म्हणजे डोळ्याची हाडाची खोबण. अंड्याच्या मागे चरबी असते, डोळा फिरवणारे स्नायू असतात आणि मेंदूकडे जाणारी नस असते. करवंटी चहूबाजूंनी बंद, उघडी फक्त समोरून. मागे काहीही वाढलं, चरबी सुजली, स्नायू जाड झाले, पू झाला, गाठ आली, रक्त साठलं, तरी अंड्याला जायला वाट एकच: पुढे. म्हणून बाहेर आलेला डोळा दिसला की डोळ्याला काय झालं असं विचारायचं नाही. मागून कोण ढकलतंय, असं विचारायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आठवडाभर मी भेटेल त्याला करवंटी दाखवत होते.

त्या उत्साहात चुका झाल्याच. एक निवृत्त तांडेल आले, समुद्रावर जन्म घालवलेला माणूस. त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा ढळढळीत मोठा दिसत होता. सोबतची मुलगी गाठ असेल म्हणून रडत होती. मी लाल शाईने 'तातडीचे' असं लिहून त्यांना डॉक्टरबाईंसमोर नेलं. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभ्या राहिल्या, त्यांची मान मागे झुकवली आणि कपाळावरून खाली पाहिलं. बाहेर आलेला डोळा असा वरून बघायचा, भुवईच्या पुढे कोण किती आलंय ते लगेच कळतं. दोन्ही डोळे एका रेषेत होते.

"अगो, हो डोळो फुगलोलो नाय," बाई म्हणाल्या. "तो दुसरो न्हिदलोलो आसा."

दुसरा झोपलेला, म्हणजे वयामुळे उजवी पापणी खाली उतरली होती, म्हणून चांगला डोळा मोठा वाटत होता. तांडेलांनी शांतपणे टोपी घातली. "म्हणजे जो बरो काम करता तेच्यावरच संशय. आमच्या सोसायटीत पण असाच चलता."

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. देवगडला ऐन आंब्याच्या दिवसांत शिबिर होतं. पाच वर्षांच्या एका मुलीचा डोळा सुजून बंद झाला होता. आजीने खोबरेल लावलं होतं. "चीक उडलो आसतलो," आजी म्हणाली. त्या दिवसांत देवगडात कुणाचाही चेहरा सुजला की आंब्याचा चीकच असतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मुलीला आठवडाभर सर्दी होती आणि अंग तापलेलं होतं. मी पापणी हळूच उचलली. डोळा पुढे आला होता आणि मी बोट फिरवलं तिकडे फिरत नव्हता. चीक कातडी जाळतो, डोळा पुढे ढकलत नाही. ताप, लाल सूज, पुढे आलेला आणि जागच्या जागी अडकलेला डोळा, हे एकत्र दिसलं की घड्याळ बघायचं नाही. सर्दीतला जंतू नाकाशेजारच्या पोकळीतून पातळ हाड ओलांडून डोळ्यामागे गेलेला असतो आणि तिथून मेंदू फार लांब नाही. आंब्याच्या पेट्या भरलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून आम्ही तिला त्याच तासाला मोठ्या इस्पितळात पाठवलं. शिरेतून औषधं चालू झाली आणि ती वाचली, डोळाही वाचला. दुसऱ्या वर्षी तिने मला एक हापूस दिला, देठ पुसून.

पण मला सांगायचं आहे ते दीपाबद्दल.

मसुऱ्याच्या पलीकडे एका वाडीत शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागलं होतं. यशोदाबाई नावाची भातशेती करणारी सासू आपल्या सव्वीस वर्षांच्या सुनेला, दीपाला घेऊन आली. दीपाचा नवरा गोव्यात हॉटेलात कामाला होता. दीपाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, वाळू गेल्यासारखं खुपायचं. सासूची तक्रार मात्र वेगळी होती.

"बाय, ही डोळे वटारता. माझ्यार वटारता, पावण्यांर वटारता, देवाम्होरं उभी ऱ्हवली तरी वटारता. आधी गरीब गाय व्हती."

"मी नाय गो वटारणंय, आये," दीपा खाली बघत म्हणाली. खाली बघताना तिची वरची पापणी डोळ्याबरोबर खाली आली नाही, मागेच राहिली. बुबुळाच्या वर पांढऱ्याची एक कड दिसली.

माझ्या काळजाचा ठोका चुकला, आनंदाने. हो, आनंदाने, खोटं का लिहू? निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. वर पांढरं दिसत नाही. ते दिसलं की माणूस रागावलेला किंवा घाबरलेला वाटतो, आणि समोरचा तसा वागू लागतो. मी तिला हात पुढे करायला सांगितलं, बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरत होता. भूक? खूप. वजन? उतरलेलं. छातीत धडधड? जिना नसलेल्या घरातही. उकाडा? थंडीतही पंखा लागतो, म्हणून रोज भांडण.

"लग्नाचो आल्बम घेऊन येशात?" मी यशोदाबाईंना विचारलं.

"तुका लग्नाचे फोटो बघूचे आसत? आता?"

हीसुद्धा आमच्या कामाची एक रीत. डोळे किती बदलले ते आरसा सांगत नाही, जुना फोटो सांगतो. मखमली पुठ्ठ्याचा तो जड आल्बम आला. फोटोतली नवरी लाजून खाली बघत होती, पापण्या डोळ्यांवर नीट टेकलेल्या. यशोदाबाईंनी फोटो बघितला, सुनेकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

रक्त तपासलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती बेसुमार काम करत होती. शरीर स्वतःच्याच ग्रंथीला चिथावतं आणि त्याच भरात डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवरही उलटतं. मोठ्या माणसांचे डोळे बाहेर येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. गोळ्या चालू झाल्या. डॉक्टर लोबोबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. घरात विडी-सिगारेटचा धूर नको, त्याने हे डोळे चिघळतात. आणि कुठल्याही एका डोळ्याला लाल रंग फिका दिसू लागला तर त्याच दिवशी यायचं. सुजलेले स्नायू मागच्या नसेला आवळू लागले की आधी रंग उडतो, मग नजर.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी पत्रक लिहिलं.

मला कळलं होतं, की शिबिराच्या आधी त्या घराने ग्रामदेवतेला पाकळ्यांचा कौल लावून दीपाला बाधा झाली आहे का, असं विचारलं होतं. माझ्या डोक्यात ठिणगी पडली. एका बैठकीत मजकूर लिहून काढला: आजारी सुनेच्या डोळ्यांना जी सासू उर्मट म्हणते आणि फुलाच्या पाकळीला औषध विचारते, ती डोळस कशी? मी त्या देवळाची पायरी कधी चढणार नाही, असंही लिहिलं. नाव कुणाचं नव्हतं. बाबांनी चष्मा वर करून वाचलं.

"नाव नाय घातलंस," ते म्हणाले, "पण घर दिसता."

"बाबा, तुम्हीच शिकवलंत."

"मी दारूवर लिहिलंय. शेजारच्या दारुड्यावर नाय."

मी ऐकलं नाही. त्यांनी छापून दिलं, कारण मुलीला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. मी ते जत्रेत वाटलं. लोकांनी हातोहात नेलं. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर दीपा आली नाही. पुढच्या तारखेला नाही, त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. फोन लागेना. मी म्हटलं, शेतीची कामं असतील. मनातून मला खरं माहीत होतं.

खरं सांगायला त्या देवळातले भिकाजी गुरव आले, चष्म्याची दांडी मोडली म्हणून.

"तुझो कागद वाचलंय," ते म्हणाले. "चष्मो तूच दिललंस म्हणान वाचूक गावलो."

मी दांडी बसवत राहिले.

"यशोदेन त्या दिसापास्ना देवळात येवचा सोडल्यान. दीपाचे गोळये संपले, कोण हाडूक गेलो नाय. घरचे थोरले म्हणतत, त्या दवाखान्याची पायरी चढूची नाय." मग सहज बोलावं तसं म्हणाले, "आणि ता चेडू, दीपा, फुलां धाडता देवाक. परवा विचारी होता, काका, औंदा जास्वंद अशी फिकी कित्याक?"

मी स्क्रू पिळून दांडी घट्ट केली. "कधीपासून म्हणते?"

"झाले आसतीत आठ दीस."

आठ दिवस. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजच गोव्याच्या इस्पितळात व्हर. हांव थंय सांगतां." मी गुरवांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले.

यशोदाबाई खळ्यात सुपारी सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी भराभर सांगू लागले, नस, सूज, रंग. त्यांनी हात वर केला, आत गेल्या आणि चार घड्या घातलेलं माझं पत्रक घेऊन आल्या.

"वाच."

"आई, आता वेळ नाही—"

"माका वाचूक येणा नाय. जत्रेतसून आख्ख्या गावान माका सांगल्यान हेच्यात काय आसा ता. तू लिवलंस, तूच वाच."

मी वाचलं. भर दुपारी, त्या खळ्यात, त्यांच्या तोंडावर. छापताना जे वाक्य तलवारीसारखं वाटलं होतं ते आलं. 'ती डोळस कशी' यापाशी मी थांबले. "फुडे," त्या म्हणाल्या. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दीपा दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जास्त पुढे आलेला मला तिथूनही दिसत होता.

"माझा चुकला," मी म्हणाले. "शिक्षा मला करा. तिचा डोळा जाईल."

कुंपणावरची जास्वंद तोडून मी दीपाच्या एकेका डोळ्यासमोर धरली. डाव्याला लाल. उजव्याला, "जुन्या विटेसारखी," ती म्हणाली.

यशोदाबाईंनी स्वतः ते फूल हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "थोरल्यांनी सांगल्यानी हा, देवाचो कौल नाय तर ह्या घरातसून कोण दवाखान्यात जावचो नाय. आता इचारूया. पण तू थंय उभी ऱ्हवशीत. पायरी चढान."

आमच्याकडचा कौल असा असतो: देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि वाट बघतात. कुठली आधी पडते त्यावर उत्तर. वाटेत भिकाजी गुरव चालता चालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रश्न कसो घालूया? न्हेवचा की न्हेवचा नाय, असो?"

शंभरदा विचारलेला प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला. "काका, असा प्रश्न कधी घालायचा नाही. दोन काचा द्यायच्या. आज गोव्याला न्यायचं, की आज कोल्हापूरला?"

गुरव थांबले. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, मी बसवलेल्या दांडीच्या चष्म्यातून. "बरो आसा," एवढंच म्हणाले.

मी पायरी चढले. थोरले आले, शेजारचे आले. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: हे देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या डोळ्यार संकट इला हा, ता दूर करूक आज गोव्याक न्हेवचा तर उजवो दी, कोल्हापुराक न्हेवचा तर डावो दी. आणि सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पाकळ्या हलेनात. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. करवंटीत स्नायू नसेला आवळत होते आणि मी एका ओल्या पाकळीकडे बघत होते. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं झालं. दुसऱ्यांदा "व्हय म्हाराजा" आलं तेव्हा त्यात एक आवाज सगळ्यात मोठा होता आणि तो माझा होता, हे मला यशोदाबाईंनी वळून पाहिलं तेव्हा कळलं.

उजवी पडली.

संध्याकाळच्या आत दीपा गोव्यातल्या इस्पितळात होती, नवरा दाराशी आला होता. शिरेतून औषध चालू झालं, सूज उतरू लागली. पुढे शस्त्रक्रिया करून डोळ्यामागे जागा करावी लागली, करवंटीची एक बाजू थोडी उघडल्यासारखी. गाडीत बसण्याआधी यशोदाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "प्रश्न कोणी घातल्यान ता माका कळला हा. मी पण तसोच घालतलंय व्हतंय."

त्या रात्री मी बाबांना सांगितलं, की मी देवळात उभी राहून व्हय म्हाराजा म्हटलं. मला वाटलं त्यांना दुःख होईल. त्यांनी चष्मा वर केला. मग विचारलं, "मोठ्यान म्हटलंस?" मी हो म्हटलं. "मगे ठीक," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

माझं मत बदललेलं नाही. पाकळीला डोळ्यामागची नस दिसत नाही, हे मी आजही छापीन. पण कुणाच्या दारात उभं राहून वाचता येणार नाही असं वाक्य मी आता लिहीत नाही.

गेल्या महिन्यात यशोदाबाई स्वतःच्या मोतीबिंदूसाठी आल्या. मी चौकट घातली, काचा बदलल्या. "ही बरी, की ही?"

"दोनच कित्याक इचारतंस? तुझी लबाडी माका ठावक आसा. तिसरी घाल."

तिसरी खरंच बरी निघाली.

सोबत दीपा होती. पापण्या आता बऱ्याच खाली आल्या आहेत, अनोळखी माणसाला काही जाणवायचं नाही. मी सवयीने लाल झाकण तिच्या एकेका डोळ्यासमोर धरलं. डावा, लाल. उजवा, "लाल, पण थोडो उन्हात वाळलोलो." तो तसाच राहणार आहे. गोळ्या बंद पडल्या आणि आठ दिवस हातचे गेले, ते माझ्या पत्रकामुळे. तेवढी फिकी जास्वंद माझ्या नावावर आहे.

मी नवीन पत्रक लिहिलंय. त्यात दोन डोळ्यांची चित्रं आहेत, एक बुबुळ पापणीने झाकलेलं, एक वर पांढरं दिसणारं. मजकुराची पहिली ओळ मात्र लागेना. यशोदाबाईंना तिथेच वाचून दाखवलं. त्यांनी माझी दोन वाक्यं काढायला लावली आणि आपलं एक घातलं. तेच वर, ठळक अक्षरांत जाणार आहे:

'सून डोळे वटारता म्हणान भांडूच्या आधी, तिच्या लग्नाचो फोटो काढा नि बगा.'